दुर्मिळभाऊ

नंदुरबारात दोन गोष्टींनी माणसाच्या डोळ्यांत पाणी येतं. एक म्हणजे मोसमात पथारीवर वाळत घातलेली लाल मिरची आणि दुसरी म्हणजे दुर्मिळभाऊंनी ऐकवलेलं गाणं. मिरचीचं पाणी दोन शिंका आल्या की थांबतं. भाऊ मात्र कॅसेटची दुसरी बाजूही लावतात.

त्यांचं खरं नाव रेशनकार्डावर आहे. एरवी सगळं गाव त्यांना दुर्मिळभाऊच म्हणतं. असा एक माणूस प्रत्येक तालुक्यात असतो. कुणी जुनी नाणी जमवतो, कुणी पोस्टाची तिकिटं. भाऊ विस्मृतीत गेलेले बँड जमवतात. रॉक असो, लोकसंगीत असो, देश कुठलाही असो, अट एकच: आपल्याला ठाऊक नसला पाहिजे.

भाऊ भर बाजारात गाठतात, स्वतःच्या कानातली गरम गोळी काढून आपल्या कानात घालतात आणि विचारतात, "हे ऐकलंय?" 'नाही' म्हटलं की त्यांचा चेहरा खुलतो आणि चहा येतो. चुकून 'हो' म्हणालात, तर आपण त्यांच्याकडे जुनी उधारी मागितल्यासारखे ते बघतात आणि घाईघाईने भाजी घ्यायला निघून जातात.

गेल्या वर्षी त्यांनी मला व्हॅश्टी बनियन ऐकवली. या इंग्रज बाईने 1968 मध्ये घोडागाडी जुंपली आणि ती स्कॉटलंडच्या बेटांकडे निघाली. वाटेत जुळलेल्या गाण्यांची तबकडी 1970 मध्ये निघाली, पण ती कुणी घेतली नाही. बाईंनी मुकाट्याने पोरंबाळं आणि गुरंढोरं सांभाळली. तीस वर्षांनी, 2000 साली, तबकडी पुन्हा निघाली आणि जग वेडं झालं. हे सांगताना भाऊंचा गळा दाटून आला होता. मी विचारलं, "घोडा सारंगखेड्याच्या बाजारातला होता का?" त्या दिवशी चहाचे पैसे मी दिले.

पण घोड्यांनी भाऊंचा पिच्छा सोडला नाही. पुढचा शोध होता कोलकात्याचा 'मोहिनेर घोडागुली'. 1975 चा हा बंगाली बँड. जीवनानंद दास यांच्या कवितेतल्या घोड्यांवरून त्याचं नाव पडलं. गिटारच्या जोडीला बाउल गाण्याचा बाज आणि शब्द शहरी माणसाच्या एकटेपणाचे. तेव्हा फारसं कुणी विचारलं नाही आणि 1981 च्या सुमारास बँड मोडला. "आपल्या जिल्ह्यात हे ऐकणारा मी एकटाच," भाऊ म्हणाले. तेवढ्यात माझा भाचा शेजारून जाताना तीच चाल गुणगुणायला लागला. "मामा, हे तर 'गँगस्टर'मधलं!" पोराचं खरं होतं. ती चाल 2006 च्या त्या हिंदी चित्रपटात वाजून साऱ्या देशाच्या मोबाईलमध्ये पोहोचली होती. भाऊंनी दोन दिवस दाढी केली नाही.

मग ते 'सिमला बीट'कडे वळले. सिगारेटच्या एका छापाच्या नावाने देशभरातल्या बँडच्या स्पर्धा व्हायच्या आणि त्यांतल्या गाण्यांच्या तबकड्या 1970 आणि 1971 मध्ये निघाल्या. जन्मात सुपारीचं खांडही तोंडात न टाकलेला हा माणूस हल्ली सिगारेट कंपनीबद्दल कृतज्ञतेने बोलतो.

घरी तर विचारूच नका. कपाटात कॅसेटी, कोठीत कॅसेटी. षटकोनी पेन्सिली डझनाने आणतात. घरात लिहीत कुणी नाही, त्या फीत गुंडाळायला लागतात. उन्हाळ्यात गच्चीवर एकीकडे वहिनींच्या कुरडया वाळतात आणि दुसरीकडे भाऊंच्या बुरशी धरलेल्या कॅसेटी. कावळे कुरडया पळवतात, कॅसेट आजवर एकही नेलेली नाही. वहिनी म्हणतात, "त्यांना पारख आहे." एकदा मी म्हणालो, "वहिनी, घर म्हणजे खजिनाच की!" त्या म्हणाल्या, "हो ना. या घरात मी सोडून सगळं दुर्मिळ."

एका होळीला भाऊ रेकॉर्डर घेऊन अक्कलकुवा तालुक्यातल्या काठीला गेले. तिथे सातपुड्यातल्या गावोगावचे ढोल रात्रभर घुमतात. कमरेला दुधी भोपळे आणि घुंगरं बांधलेले, डोक्यावर मोरपिसांचे टोप घातलेले बुध्या नाचतात आणि पहाटे होळी पेटते. परंपरा 1246 सालापासूनची सांगतात. 1970 च्या तबकडीला 'पुरातन' म्हणणाऱ्या माणसाची तिथे पंचाईत झाली. त्यात पहिल्याच ढोलाला रेकॉर्डर बसला, तो कायमचा. "हे विस्मृतीत गेलेलं नाहीच," भाऊ परत येऊन कुरकुरले. "हजारो माणसं होती."

खरा प्रसंग घडला तो शहाद्याकडच्या एका शिवारात. हुरड्यावर आलेल्या ज्वारीत पाखरं हाकायला कुणीतरी कॅसेटची फीत ताणून बांधली होती. वारा लागला की ती चमकायची आणि फरफरायची. भाऊंनी स्कूटर लावली आणि राखणीला बसलेल्या म्हाताऱ्याला शंभर रुपये देऊन ती फीत सोडवून घेतली. म्हाताऱ्याने नोट दोनदा उन्हात धरून पाहिली.

फीत पुसून, जोडून, पेन्सिलीने गुंडाळून लावली तेव्हा आधी विहिरीच्या तळातून यावा तसा आवाज आला. मग एकदम बँजो सुरू झाला. आपल्या बँजो पार्टीतला बँजो मुळात बँजो नव्हेच. टाइपरायटरसारखी बटणं असलेलं हे वाद्य म्हणजे बुलबुल तरंग आणि त्याचं मूळ जपानी. नागोयाच्या एका माणसाने 1912 मध्ये ते बनवलं. फिरत फिरत आपल्याकडे आलं, त्याला कर्णा जोडला गेला आणि ते वरातीत शिरलं. पण या फितीतला हात काही निराळाच होता. चाल वरातीची, पण मधेच नवरीच्या आईने डोळे पुसावेत अशी थांबायची. पहिल्यांदाच मी भाऊंच्या घरी चहा विसरलो.

महिनाभर भाऊंना झोप नव्हती. ते मंडपवाल्यांना भेटले, लग्नपत्रिका छापणाऱ्यांना भेटले. कॅसिओ वाजत नाही, म्हणजे काळ जुना, असं त्यांनी अनुमान काढलं. "हा आपला रॉड्रिग्ज," ते म्हणायचे. डेट्रॉइटमध्ये पडकी घरं साफ करणारा तो गायक दक्षिण आफ्रिकेत घराघरांत ऐकला जात होता आणि हे त्याचं त्यालाच ठाऊक नव्हतं. त्याच्यावरच्या माहितीपटाला 2013 मध्ये ऑस्कर मिळालं.

शेवटी भाऊ पुन्हा त्याच शेतावर गेले. सोबत मी होतो.

"बाबा, ही फीत कुणाची?"

"मनीच शे."

"आणि यात बँजो कोण वाजवतंय?"

"मीच."

भाऊ बांधावर बसले. आवाज फुटेना. मग त्यांनी कापऱ्या स्वरात रॉड्रिग्जची सगळी कथा सांगितली. म्हाताऱ्याने शांतपणे ऐकून घेतली आणि विचारलं, "रोज काय पडायचा त्याला?"

"बाबा, तुमचा हरवलेला बँड मी शोधून काढला!"

म्हातारा हसला. "कोन हरपनं? मी ते आठेच शे."

चौकशीत कळलं की मागच्याच आठवड्यात तो हळदीला वाजवून आला होता. गावातल्या शेंबड्या पोरालाही त्याच्या चाली पाठ होत्या. मग स्वतःची कॅसेट ज्वारीत का बांधली? त्याचं उत्तर सोपं होतं: गाणं बोटांत आहे, फीत पाखरांसाठी आहे.

परतताना भाऊ गप्प होते. मला वाटलं, झालं. अख्ख्या गावाला पाठ असलेलं गाणं यांच्या यादीत बसत नाही, आता हेही सुटणार. पण भाऊ दर पंधरा दिवसांनी त्या गावाला जातात. जाताना म्हाताऱ्यासाठी तंबाखू नेतात आणि खाटेवर बसून ऐकतात. गावाचं नाव कुणाला सांगत नाहीत, विचारलं की बोट नुसतं सातपुड्याकडे करतात. निदान नंदुरबारपुरतं तरी ते दुर्मिळ राहावं, एवढीच त्यांची इच्छा.

म्हणून वाचकांना एक विनंती. नंदुरबारच्या बाजारात कुणी तुमच्या कानात गरम गोळी घालून विचारलं, "हे ऐकलंय?", तर ऐकलं असलं तरी 'नाही' म्हणा. चहा मिळतो आणि गाणं बहुतेक वेळा खरोखरच चांगलं असतं.