वुडहाउसची झडती

मुंबईत कुणाला वेड्यात काढायचं असलं की "अलिबागसे आया है क्या?" असं विचारायची पद्धत आहे. २०१९ साली आमच्या तालुक्यातल्या एका गृहस्थांना हे असह्य झालं आणि या वाक्यावर बंदी घाला म्हणून ते थेट मुंबई उच्च न्यायालयात गेले. न्यायालयानं याचिका फेटाळली. विनोद सगळ्याच समाजांवर होतात, इतकं मनावर घेऊ नका, असा एकूण सूर होता. तेव्हापासून रायगड जिल्ह्यात विनोद कायदेशीर आहे, अशी आमची समजूत झाली होती. ती तळोज्यानं मोडून काढली.

एल्गार परिषद प्रकरणातले आरोपी गौतम नवलखा तेव्हा पनवेल तालुक्यातल्या तळोजा मध्यवर्ती कारागृहात होते. त्यांच्यासाठी पाठवलेलं पी. जी. वुडहाउसचं पुस्तक तुरुंगानं आत जाऊ दिलं नाही. कारण काय, तर सुरक्षेला धोका. एप्रिल २०२२ मध्ये त्यांच्या वकिलांनी हे उच्च न्यायालयात सांगितलं, तेव्हा न्यायमूर्तींनाही हा सगळा प्रकार विनोदीच वाटला. आपल्या पु. ल. देशपांड्यांना याच लेखकाकडून प्रेरणा मिळाली, याची आठवणही खंडपीठानं करून दिली.

त्याआधी, डिसेंबर २०२० मध्ये, नवलखांसाठी पोस्टानं आलेला चष्मा तुरुंगानं घेतला नाही, ही तक्रार गाजली होती. तुरुंग अधिकाऱ्यांसाठी आता कार्यशाळाच घ्यायला हवी, असं तेव्हा न्यायालय म्हणालं होतं. आमच्या मते कार्यशाळेची काही गरज नाही. आधी चष्मा अडवायचा, मग पुस्तक. क्रम अगदी शास्त्रशुद्ध आहे.

शिवाय वुडहाउस वाटतो तितका साधा नाही. त्याच्या कादंबऱ्यांत सभ्य घरातली माणसं चांदीची भांडी चोरतात, बक्षीसपात्र डुकरीण पळवतात, खोट्या नावानं दुसऱ्याच्या वाड्यात शिरतात, आणि शेवटी शिक्षा कुणालाच होत नाही, उलट दोघा-तिघांची लग्नं जमतात. नोकर मालकापेक्षा हुशार असतो हे आणखी एक. बराकीत असलं काही वाचून वॉर्डर साहेबाकडे त्या नजरेनं बघायला लागला तर? आणि लेखकाचा स्वतःचा पूर्वेतिहास आहेच. १९४० मध्ये जर्मनांनी त्याला फ्रान्समध्ये पकडलं आणि या छावणीतून त्या छावणीत फिरवत टोस्टच्या जुन्या वेड्यांच्या इस्पितळात नेऊन ठेवलं. तिथं बसून त्यानं काय केलं? 'मनी इन द बँक' नावाची विनोदी कादंबरी लिहिली. नाझींच्या पहाऱ्यात जे चाललं ते तळोज्यात चालणार नाही, याचा जिल्ह्याला अभिमानच वाटायला हवा.

आता गुरू धोकादायक ठरला म्हणजे शिष्याची चौकशी ओघानं आलीच. म्हणून आम्ही स्वतःच एक कारागृह ग्रंथनिवड समिती नेमली, अध्यक्षपद नम्रपणे स्वीकारलं आणि पुलंची पुस्तकं झडतीला घेतली. 'बटाट्याची चाळ': एवढ्याशा खोल्यांत एवढी माणसं, म्हणजे कारागृहातल्या गर्दीवर उघड टीका, नामंजूर. 'अपूर्वाई': आरोपीनं देश सोडून जायचा नसतो, नामंजूर. 'व्यक्ती आणि वल्ली': साथीदारांची नावं, पत्ते, सवयी. 'गणगोत': मुलाखतीच्या यादीत इतके नातेवाईक बसत नाहीत. 'असा मी असामी' हा कबुलीजबाब दिसतो, पण तो दंडाधिकाऱ्यांसमोर दिलेला नसल्यामुळे ग्राह्य नाही. 'तुझे आहे तुजपाशी' या नावानं तर समिती दचकलीच. तुझं जे काही आहे ते गेटवर जमा करायचं असतं.

इथं एक कबूल केलं पाहिजे. समितीनं एकही पुस्तक उघडलेलं नाही. पण ही परंपराच आहे. २०१९ मध्ये एल्गार प्रकरणाच्याच सुनावणीत उच्च न्यायालयात टॉलस्टॉयच्या 'वॉर अँड पीस'बद्दल विचारणा झाली म्हणून अख्खा देश दोन दिवस हसला. मग कळलं की पुस्तक वेगळंच होतं, जंगलमहालवरचं. हसणाऱ्यांतल्या किती जणांनी टॉलस्टॉय वाचला होता, तेही जाऊ द्या.

मग कैद्यांनी वाचायचं तरी काय? त्याची काळजी आपला दानशूर समाज घेतोच. गणपतीच्या आधी घराची साफसफाई निघते, माळ्यावरचं खोकं खाली येतं आणि रद्दीवाला भाव पाडून मागायला लागला की माणसाला एकदम कैद्यांचं प्रबोधन आठवतं. असं एक खोकं आम्ही नीट उपसून पाहिलं. बदललेल्या अभ्यासक्रमाची दहावीची गाइडं. बँकेनं फुकट दिलेली डायरी, पहिल्या तीन पानांवर दुधाचा हिशेब. 'यशस्वी सेल्समन व्हा'. मधली पानं एकमेकांना चिकटलेलं पाककृतींचं पुस्तक. वाळवीनं उजवी बाजू खाल्लेलं स्तोत्रसंग्रहाचं बाड. आणि तळाशी एक वास्तुशास्त्राचं पुस्तक, मुख्य दरवाजा कोणत्या दिशेला असावा ते सांगणारं. अलिबागचं जिल्हा कारागृह कान्होजी आंग्र्यांच्या हिराकोटात आहे. तिथल्या माणसाला दरवाजाच्या दिशेबद्दल किती आस्था असेल, ते सांगायला नको.

खरी अडचण निराळीच आहे. मराठीतली निम्मी पवित्र पुस्तकं तुरुंगातच जन्मली, आणि समितीच्या कसोटीला त्यांतलं एकही उतरत नाही. पेण तालुक्यातल्या गागोद्याचे विनोबा १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात दर रविवारी गीतेवर बोलले आणि साने गुरुजींनी ते उतरवून घेतलं. एक कैदी बोलतोय, दुसरा टिपून घेतोय, बाकीचे जमून ऐकताहेत, आणि विषय काय, तर लढायला तयार नसलेल्या माणसाला लढायला उभं करणं. आज कलमं मोजायला वकील लावावा लागेल. पुढच्याच वर्षी गुरुजींनी नाशिकच्या तुरुंगात 'श्यामची आई' लिहिली. मंडालेहून सुटलेल्या टिळकांच्या 'गीतारहस्या'च्या वह्या सरकारनं काही काळ स्वतःकडेच ठेवल्या होत्या. साहजिक आहे, नावातच रहस्य. पेणजवळच्या वरसईचे गोडसे भटजी तुरुंगात गेले नव्हते, पण त्यांचं 'माझा प्रवास' समितीनं फेटाळलं. घरून निघालेला साधा माणूस सत्तावनच्या बंडात जाऊन पोचतो, म्हणजे काय?

स्वतंत्र भारतही मागे राहिला नाही. भारत संरक्षण नियमांखाली मुंबईत स्थानबद्ध असलेल्या प्रभाकर पांडुरंग संझगिरींनी आत बसून 'अणूच्या अंतरंगात' हे शुद्ध विज्ञानाचं मराठी पुस्तक लिहिलं आणि हस्तलिखित छापायला बाहेर पाठवायची परवानगी मागितली. सरकार नाही म्हणालं, संझगिरी उच्च न्यायालयात जिंकले, तर सरकार अपिलात सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि १९६५ मध्ये तिथंही हरलं. एका मराठी विज्ञानपुस्तकाला राज्य सरकारनं इतकं मनापासून महत्त्व दिल्याचं दुसरं उदाहरण समितीच्या तरी पाहण्यात नाही.

ब्राझीलमध्ये २०१२ पासून एक योजना आहे. कैद्यानं पुस्तक वाचायचं, त्यावर टिपण लिहायचं, की शिक्षेतले चार दिवस कमी. वर्षाला बारा पुस्तकं, अठ्ठेचाळीस दिवस. ही योजना इथं आणावी, असं एका सदस्यांनी सुचवलं. (समितीत आमच्याखेरीज एकच सदस्य आहेत, आमची बायको.) आम्ही लगेच हरकत घेतली. आपल्या तुरुंगांत चारपैकी जवळजवळ तीन माणसं कच्चे कैदी आहेत. त्यांना अजून शिक्षाच झालेली नाही, तर त्यातले दिवस कमी कुठून करणार? आधी खटला चालू दे, निकाल लागू दे, मग वाचायचं बघू. यावर सदस्य म्हणाल्या, "तोवर तुमचा तो वुडहाउस तीनदा पाठ होईल हो त्यांचा." हे इतिवृत्तातून वगळलं आहे.

अखेर निर्विवाद असं एक तरी पुस्तक मंजूर करावं म्हणून शोध सुरू झाला. मांडवा-गेटवे बोटीचं वेळापत्रक अर्थातच बाद. भरती-ओहोटीचं कोष्टकही बाद. शेवटी आम्ही कारागृह नियमावली काढली. सरकारनंच केलेली, विनोदाचा लवलेश नाही, बांधणी मजबूत. मंजुरीचा शिक्का शाईत बुडवलासुद्धा. तेवढ्यात सदस्यांनी पानं उलटली आणि कैद्याला पुस्तकं मिळण्याची सोय कुठं लिहिली आहे ते दाखवलं.

आक्षेपार्ह मजकूर, असा शेरा मारून ती परत पाठवली आहे.