चौथ, सरदेशमुखी आणि ट्रेडमिल

भोपाळात मराठी माणसाने वसुलीसाठी तळ ठोकण्याची ही पहिली वेळ नव्हे. डिसेंबर १७३७ मध्ये पहिल्या बाजीरावाने इथेच निजामाला कोंडले, त्याची रसद तोडली आणि पुढच्याच महिन्यात दोराहा सराईत त्याच्याकडून माळवा आणि वर युद्धखर्चाचे ५० लाख रुपये कबूल करून घेतले. मी त्याच शहरात एका जिमकडून माझे पाच हजार सोडवतो आहे. बाजीरावाचे काम तुलनेने सोपे होते. निजामाकडे तोफखाना होता, पण रिसेप्शन नव्हते.

जिमचे नाव सांगत नाही. माझे पाच हजार अजून त्यांच्याकडे आहेत.

प्रकरण सुरू झाले गेल्या वर्षी २ जानेवारीला, म्हणजे अख्खे शहर ज्या आठवड्यात बारीक व्हायचे ठरवते त्या आठवड्यात. डॉक्टरांनी मला फक्त ‘चालत जा’ एवढेच सांगितले होते. भोपाळात चालायला जागेची काय वाण? मोठ्या तलावाच्या काठाने चाला, शाहपुऱ्याच्या तळ्याला फेरी मारा, एकांत पार्कात जा. पण फुकटच्या चालण्याला शिस्त नसते असे माझे मत पडले. पैसे भरले की माणूस जातोच, ही मध्यमवर्गाची जुनी श्रद्धा आहे. इंग्लिश स्पीकिंगच्या क्लासपासून हार्मोनियमच्या शिकवणीपर्यंत कितीतरी संसार या एका श्रद्धेवर चालले आहेत.

काउंटरवरच्या मुलीचे पद ‘फिटनेस कौन्सेलर’ होते. तिने मला ‘सर’ म्हटले आणि एका यंत्रावर उभे केले. माझे वय ५४. यंत्र म्हणाले, शरीराचे वय ६७. माझ्या मागे उभ्या असलेल्या पस्तिशीच्या गृहस्थांचे ५१ निघाले. तरुण माणूस त्या यंत्राने आयुष्यात पाहिलेला नसावा. “सर, ऑफर आज शाम तक ही है,” ती म्हणाली. घरी विचारून सांगतो म्हटले, तर तिने मान किंचित कलती केली. “सर, फॅमिली के लिए ही तो फिट रहना है ना?” ती ऑफर आजही त्याच फलकावर आहे. तेरा महिने झाले, त्या जिमची संध्याकाळ काही मावळत नाही.

महिन्याचे १,५०० रुपये ठरले. सही करताना कळले की वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे १,७७०. फोन हातात घेतल्यावर कळले की ५,००० रुपये डिपॉझिटही आहे, पण ‘रिफंडेबल’. त्या शब्दाच्या डोक्यावर एक बारीक चांदणी होती. मला वाटले, शोभेला असेल.

केंद्राच्या ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२३ मध्ये ऑनलाइन दुकानदारांच्या १३ फसव्या क्लृप्त्यांची यादी काढून त्यांना बंदी घातली. खोटी घाई करणे, नको म्हणणाऱ्याला लाजवणे, किंमत थेंबाथेंबाने सांगणे, आत येणे सोपे आणि बाहेर पडणे अवघड असा सभासदत्वाचा सापळा लावणे, असे सगळे त्यात आहे. इंटरनेटवाल्यांना यासाठी इंजिनियर ठेवावे लागतात. या मुलीने त्यातल्या चार क्लृप्त्या समोरासमोर, वीस मिनिटांत आणि पाण्याचा ग्लाससुद्धा न देता करून दाखवल्या.

मग मी जिमला गेलो. जानेवारीत ११ वेळा, फेब्रुवारीत ६, मार्चमध्ये ३. एप्रिलमध्ये ऊन तापले आणि मी एकदाच गेलो, तेही एसीत बसायला. जुलैत दोनदा गेलो, कारण पाऊस आला आणि छत्री घरी होती. ऑक्टोबरमध्ये एकदा, दिवाळीचा फराळ पाहून घाबरलो म्हणून. वर्षभरात एकूण चोवीस फेऱ्या. पैसे मात्र दर महिन्याच्या ५ तारखेला न चुकता जात होते. माझ्या घरात नियमित व्यायाम फक्त ऑटो-पे करत होते.

बारा महिन्यांचे २१,२४० रुपये भागिले चोवीस, म्हणजे एका फेरीला ८८५ रुपये. तेवढ्यात आमच्या अख्ख्या सोसायटीला पोहे-जिलेबी खाऊ घालता आली असती आणि माझे नाव तरी निघाले असते.

यात मी एकटाच मूर्ख आहे असे समजू नका. डेलाविन्या आणि माल्मेंडिअर या दोन अर्थतज्ज्ञांनी अमेरिकेतल्या तीन जिमांचा तीन वर्षांचा हिशेब तपासला आणि २००६ मध्ये निबंध छापला. सभासद होते ७,७५२. दरमहा ७० डॉलरच्या वर भरणारे लोक महिन्यातून सरासरी ४.३ वेळा जात. म्हणजे एका फेरीला १७ डॉलर पडत, आणि त्याच काउंटरवर फेरीला १० डॉलरचा पास विकत मिळत होता. शेवटचे जाणे आणि सभासदत्व रद्द करणे यांत सरासरी दोन महिन्यांहून जास्त काळ जाई. हे वाचून मला फार बरे वाटले. मी आळशी नव्हतो, मी आंतरराष्ट्रीय होतो.

माझ्या आजोबांच्या काळी तालमीत नारळ ठेवला की प्रवेश मिळे. दोन दिवस दांडी मारली की तिसऱ्या दिवशी वस्ताद दारात उभा. पोरगा आला नाही तर तालमीची अब्रू जाई. जिमचे गणित उलटे आहे. आमच्या जिममध्ये ट्रेडमिल सात आणि माझा सभासद क्रमांक चार आकडी. सगळे सभासद एका संध्याकाळी व्यायामाला आले, तर रांग रस्त्यावर जाईल आणि जिम बंद पडेल. म्हणजे घरी सोफ्यावर पडून मी त्या संस्थेचा डोलारा सांभाळत होतो. मी आलो नाही म्हणून तिथे कोणी दुःख केले नाही. मी येईनासा झालो तेव्हाच त्यांचा खरा सभासद झालो.

मध्य प्रदेशाने २०१३ मध्ये मल्लखांबाला राज्याचा खेळ केले. पेशव्यांच्या वेळचा हा खांब इथे राजमान्य झाला याचा मला अभिमान होताच, आता आदरही वाटतो. खांब डिपॉझिट मागत नाही. त्याच्यावर चढायला कष्ट पडतात, पण उतरायला नोटीस लागत नाही. हात सुटला की सभासदत्व तिथल्या तिथे संपते.

मध्ये सरकारलाही माझी दया आली. २२ सप्टेंबर २०२५ पासून जिमवरचा जीएसटी १८ वरून ५ टक्क्यांवर आला. मी १,५७५ रुपयांची वाट पाहत बसलो. ५ ऑक्टोबरला गेले १,७७० च. विचारले तर मॅनेजर म्हणाला, “टॅक्स तो कम हो गया सर, बेस प्राइस बढ़ गई.” पाच टक्केवाल्यांना इनपुट क्रेडिट मिळत नाही, हे त्याचे म्हणणे कायद्याने खरे होते. पण नवी बेस प्राइस मी कॅल्क्युलेटरवर काढली, ती १,६८५ रुपये ७१ पैसे आली. इतक्या अचूकपणे त्या जिममध्ये माझे वजनही कोणी केले नव्हते.

डिसेंबरमध्ये मी सभासदत्व रद्द करायला गेलो, आणि काउंटरपर्यंत पोचता पोचता ‘सर’चा ‘अंकल’ झालो.

“अंकल, कॅन्सल का तो सिस्टम में ऑप्शन ही नहीं है. फ्रीज करा लीजिए.” फ्रीज म्हणजे पैसे चालू आणि माणूस बंद. मी म्हटले, ते तर मार्चपासून चालूच आहे. मग कळले की अर्ज लेखी द्यायचा, तो मॅनेजरच्याच हातात द्यायचा, आणि मॅनेजर ११ ते ४ मध्ये असतो. पैसे घ्यायला त्यांना माझा अंगठा पुरला होता, सोडायला मी सदेह लागत होतो. तो अंगठा मुलाने घरी एका मिनिटात सोडवला. यूपीआय ॲपमध्ये ऑटो-पेची यादी असते, तिथे जाऊन त्याने ते रद्द केले. “बाबा, दर महिन्याला पैसे जायच्या आदल्या दिवशी मेसेज येत होता ना?” येत होता. मला वाटायचे, आपली कोणीतरी आठवण काढते आहे.

चौथ्या खेपेला मॅनेजर भेटला. त्याने चांदणीचा अर्थ सांगितला. रिफंडेबल डिपॉझिटमधून २५ टक्के कॅन्सलेशन चार्ज. वर १० टक्के प्रोसेसिंग.

मी खुर्चीला धरून बसलो. पंचवीस आणि दहा! ही तर चौथाई आणि सरदेशमुखी! १७१९ साली बाजीरावाचे वडील बाळाजी विश्वनाथ दिल्लीहून दख्खनच्या याच दोन वसुल्यांच्या सनदा घेऊन आले होते. तीनशे वर्षे उलटल्यावर त्यांची परतवसुली भोपाळात, एका ट्रॅकसूटातल्या पोराकडून, नेमकी माझ्यापासून सुरू झाली होती.

हिशेब पुढे होता. पाच हजारांतून १,२५० चौथाई आणि ५०० सरदेशमुखी गेली, उरले ३,२५०. नोटीस पिरियड ६० दिवसांचा, त्याचे दोन महिन्यांचे ३,५४०. “तो अंकल, आपको बस २९० रुपये जमा करने हैं.” व्यायाम न करता मी एका वर्षात डिपॉझिटदाराचा कर्जदार झालो होतो.

कायदा माझ्या बाजूने आहे. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये ‘अन्याय्य करार’ अशी व्याख्याच आहे. वाजवीपेक्षा फार जास्त डिपॉझिट मागणे आणि नुकसानीच्या मानाने अवाजवी दंड लावणे, दोन्ही तिच्यात बसतात. १९१५ या क्रमांकावर फोन करता येतो. जिल्हा ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला फी पडत नाही, आणि आयोगाची हद्द ५० लाखांपर्यंत आहे. म्हणजे बाजीरावाचा निजामाविरुद्धचा दावाही जिल्हा आयोगातच मावला असता, दिल्लीपर्यंत जायची गरज नव्हती. पण पुढची तारीख मिळेपर्यंत निजामाने धान्य भरून घेतले असते.

शेवटी मी सल्ल्याला गेलो जुन्या शहरात, इब्राहिमपुऱ्याच्या माझ्या एका मित्राकडे, खाँसाहेबांकडे. तिथे दुकानांपुढे दगडी पटिये असतात. रात्री त्यावर बसून मध्यरात्रीपर्यंत गप्पा हाणायच्या याला भोपाळात पटियेबाजी म्हणतात आणि खाँसाहेब या विद्येतले बुजुर्ग. त्यांनी सगळे ऐकून घेतले, पान एका गालातून दुसऱ्या गालात नेले आणि म्हणाले, “को खाँ, लड़ो मती. बैठ जाओ.”

माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. बाजीरावाने तरी दुसरे काय केले होते? तोफखान्याच्या अंगावर जायचे नाही, रसद तोडायची. आणि जिमची रसद म्हणजे माझ्यासारखे जुने सभासद नव्हेत. ती जानेवारीत दार ढकलून आत येते.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सहाला मी रिसेप्शनच्या सोफ्यावर जाऊन बसलो. नोटीस पिरियडभर मी सभासदच होतो, त्यांच्याच हिशेबाने. हाकलणार कसे? भांडलो नाही, आवाज चढवला नाही. शेजारी एक तरुण जोडपे फॉर्म घेऊन बसले. नवरा म्हणाला, “अंकल, कैसा है जिम?” मी म्हटले, “बहुत बढ़िया. मशीनें एकदम नई हैं, घिसती ही नहीं.” मग त्यांना चोवीस फेऱ्यांचा, ८८५ रुपयांचा आणि चांदणीचा असा सगळा इतिहास शांतपणे सांगितला. बाळाजी विश्वनाथांपासून. जोडपे ‘सोचके बताते हैं’ म्हणून उठले.

पहिल्या संध्याकाळी तिघे परतले, दुसऱ्या संध्याकाळी पाच. तिसऱ्या दिवशी खाँसाहेब स्वतः आले, सोफ्याला पटिया समजून मांडी घालून बसले आणि माझ्या वर्षभराची कहाणी त्यांनी अशी रंगवली की आतले दोघे डंबेल खाली ठेवून बाहेर ऐकायला आले. अकरा ते चारवाल्या मॅनेजरने साडेसातला मला केबिनमध्ये बोलावले. मी पुन्हा ‘सर’ झालो होतो.

तह झाला. नोटीस पिरियड माफ. सरदेशमुखी माफ. जीएसटीच्या फरकाचे मी सोडून दिले. चौथाईवर मात्र तो अडून बसला आणि मीही फार ताणले नाही. चौथाईला मराठी माणसाने कोणत्या तोंडाने हरकत घ्यायची? ३,७५० रुपये परत द्यायचे ठरले. जिमच्या लेटरहेडवर त्याने लिहून दिले, खाली शिक्का मारला: ‘रक्कम ७ ते १० वर्किंग डेजमध्ये खात्यात जमा होईल.’ खाँसाहेबांनी कागद उजेडात धरून पाहिला. “शिक्का तो असली है,” ते म्हणाले. बाकी काही म्हणाले नाहीत.

आज सतरावा वर्किंग डे आहे.

मी घाईला आलेलो नाही. दोराह्याचा तह झाला जानेवारी १७३८ मध्ये. माळव्याचे बादशाही फर्मान निघाले ते १७४१ मध्ये. त्याच्या आदल्या वर्षी, २८ एप्रिल १७४० ला, याच प्रदेशात नर्मदेच्या काठी रावेरखेडीला बाजीराव वारले होते. फर्मान आले ते त्यांच्या मुलाच्या, नानासाहेबांच्या हाती.

म्हणून रिफंडच्या अर्जावर खाते क्रमांक मी मुलाचा दिला आहे.