बाहेरचा मेल येईनासा झाल्यास

कंपनीच्या मेल सर्व्हरवर बाहेरचा मेल येणे बंद झाले, तरी पहिले काही तास तो बिघाड म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही. थकबाकीची स्मरणपत्रे थांबतात, ऑडिटरच्या शंका थांबतात आणि कामाचा निपटारा वेगाने होत असल्याची भावना कार्यालयात पसरते. शहागडसारख्या महामार्गावरच्या गावात जिनिंगचा किंवा खत-बियाण्यांचा सौदा फोनवर ठरतो आणि मेल फक्त बिलापुरता लागतो. तिथे ही सुखावस्था दोन दिवसही टिकते. ‘मेल टाकलाय, बघितला का?’ असा फोन आला की ती संपते.

सर्वप्रथम ‘बाहेरचा’ म्हणजे कोणता हे निश्चित करावे. गोदावरीच्या पुलापलीकडून, गेवराईहून आलेला तो बाहेरचा, ही व्याख्या चुकीची आहे. शेजारच्या खुर्चीतून मोबाईलवरच्या जीमेलने पाठवलेला मेलही बाहेरचाच असतो, आणि चाचणीसाठी तोच वापरावा. एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर गेलेला मेल दाखवून साहेब सर्व्हर ठणठणीत असल्याचा निर्वाळा देतात. परंतु तो मेल यंत्राच्या बाहेर पडलेलाच नसतो. त्यावरून फक्त दोन्ही टेबलांवर लाईट आहे एवढेच सिद्ध होते.

यानंतर सर्व्हर सांभाळणाऱ्या जालन्याच्या माणसाला फोन करण्याची पद्धत आहे. तो ‘बंद करून चालू करा’ असे सांगतो. ते करावे, कारण न केल्यास तो पुढचे काही सांगत नाही.

खरी माहिती पाठवणाऱ्याकडे असते. त्याला परत आलेल्या सूचनेत तीन अंकी आकडा असतो. जॉन पोस्टेल यांनी १९८२ साली लिहिलेल्या एसएमटीपी या मेल पाठवण्याच्या नियमावलीपासून ही पद्धत चालत आली आहे. ४ ने सुरू होणारा आकडा म्हणजे तलाठी कार्यालयातले ‘उद्या या’ आणि ५ ने सुरू होणारा म्हणजे ‘पुन्हा येऊ नका’. ही सूचना मेलने पाठवा, असे मात्र पाठवणाऱ्याला सांगू नये. अनेक कार्यालयांत नेमके तेच सांगितले जाते आणि मग तिची वाट पाहिली जाते. तिचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर मागवावा.

पुढची पायरी डोमेनची. बाहेरच्या सर्व्हरला आपला पत्ता डोमेनच्या नोंदीतील ‘एमएक्स’ या ओळीवरून कळतो. एनएसलुकअप ही आज्ञा देऊन ती ओळ जागेवर आहे का ते पाहावे. ओळच सापडत नसेल, तर बहुधा डोमेनची मुदत संपलेली असते. डॉट कॉमसारख्या डोमेनांसाठी आयकॅन या नियामक संस्थेचा नियम असा: नोंदणी कंपनीने मुदतीच्या सुमारे महिनाभर आधी एक, आठवडाभर आधी दुसरी आणि मुदत संपल्यावर पाच दिवसांत तिसरी सूचना द्यावी. नियमात काही खोट नाही. फक्त पहिल्या दोन सूचना नोकरी सोडून गेलेल्या कर्मचाऱ्याच्या खात्यावर जातात, आणि तिसरी ज्या डोमेनचा मेल बंद पडला आहे त्याच डोमेनच्या पत्त्यावर. मालकाने फार मनाला लावून घेऊ नये. १९९९च्या नाताळात मायक्रोसॉफ्टच्या पासपोर्ट डॉट कॉमचे नूतनीकरण राहिले, हॉटमेल उघडेना, आणि टेनेसीतील एका लिनक्स प्रोग्रामरने स्वतःचे ३५ डॉलर भरले.

ओळ जागेवर असेल तर इंटरनेटची लाईन पाहावी. महामार्गालगत जेसीबीने केबल तोडली की कार्यालय फोर-जी राउटरवर येते. सगळ्या वेबसाइट उघडतात, मेल बाहेरही जाऊ शकतो, त्यामुळे नेटवर संशय घेणाऱ्याला वेड्यात काढले जाते. पण एमएक्सने दाखवलेला पत्ता तुटलेल्या लाईनचा असतो. फोर-जीवर सहसा एकच सार्वजनिक पत्ता अनेक ग्राहकांत वाटलेला असतो, तेव्हा बाहेरून आलेल्याला दार सापडत नाही. हे दार म्हणजे पोर्ट २५; त्याची चाचणी टेलनेट या आज्ञेने बाहेरूनच घ्यावी. २२० हा आकडा आला तर दार उघडे आहे. ही चाचणी मोबाईलच्या हॉटस्पॉटवरून केल्यास फसगत होऊ शकते, कारण बऱ्याच कंपन्या बाहेर जाणारे पोर्ट २५ बंद ठेवतात.

दार उघडे असून ४५२ येत असेल तर बहुधा डिस्क भरली आहे. मायक्रोसॉफ्टचा एक्सचेंज सर्व्हर जागा कमी पडताच मेल घेणे स्वतःहून थांबवतो. जागा व्यापणारी वस्तू शोधायला वेळ लागत नाही. ती मालकाच्या मुलाच्या लग्नाचा व्हिडिओ असते. ती काढण्याचा अधिकार कोणाचा, हे तांत्रिक मार्गदर्शनाच्या कक्षेत येत नाही.

शेवटी पहारेकरी, म्हणजे स्पॅम आणि व्हायरस अडवणाऱ्या यंत्रणा, तपासावेत; कधी तेच सगळा मेल अडवतात. ओआरडीबी ही स्पॅम-यादी डिसेंबर २००६ मध्ये बंद झाली. तरीही तिला विचारत राहिलेल्या सर्व्हरना मार्च २००८ मध्ये ‘सगळेच स्पॅम आहेत’ असे उत्तर मिळू लागले आणि त्यांनी ते निष्ठेने पाळले. १ जानेवारी २०२२ रोजी स्वतःच्या यंत्रावर चालणाऱ्या एक्सचेंज २०१६ आणि २०१९ मधील व्हायरस-तपासनीसाला तारखेपासून बनलेला २,२०,१०,१०,००१ हा आकडा झेपला नाही. त्याची मर्यादा २,१४,७४,८३,६४७ होती. जगभरच्या कंपन्यांचा मेल रांगेत अडकला.

दुरुस्तीनंतर अडलेला मेल एकदम येऊ लागतो, आणि कार्यालयातील काहींना दुरुस्तीचा पश्चात्ताप होतो. पाठवणाऱ्या सर्व्हरने किमान चार-पाच दिवस प्रयत्न करावेत, असे नियमावली सांगते. त्यांनी प्रयत्न सोडल्यानंतर मेल आपोआप येत नाही; तो ज्याचा त्याच्याकडून फोन करून मागवावा लागतो.