चौकटीतले काका

पहाटे साडेचारला पार्किंगमध्ये टॉर्च फिरू लागला, तरी आमच्या सोसायटीचा वॉचमन आता शिट्टी मारत नाही. पानापानांचं जाकीट, तसलीच टोपी आणि कडेवर नातवासारखी घेतलेली लेन्स दिसली की तो समजतो, पक्षीकाका निघाले. पाखरांनी ओळखू नये म्हणून केलेल्या या वेषानंतर काका लालभडक गाडीत बसतात आणि दार असं आपटतात की पहिल्या मजल्यापर्यंत सगळे उठून बसतात.

निवृत्तीपर्यंत काकांना कावळा आणि कोकीळ एवढीच पक्षिसृष्टी ठाऊक होती. आता शिक्रा नर आहे की मादी, हे ते डोळ्यांच्या रंगावरून सांगतात. शेजारच्या फ्लॅटमध्ये कोण राहायला आलंय, ते मात्र त्यांना वर्षभर कळलेलं नाही.

रविवारी मुक्काम कवडीपाटला. लोणी काळभोरच्या अलीकडे, मुळा-मुठेच्या काठी. पुण्यानं आठवडाभर नदीत जे जे सोडलं ते ते इथे भेटतं: फेस, जलपर्णी, पिशव्या, गेल्या गणपतीचं थर्माकोल. आणि या सगळ्यात, लडाख-तिबेटाकडून उतरलेले सोनेरी चक्रवाक निवांत डुंबत असतात. काठावर ट्रायपॉड पंगतीसारखे मांडलेले. काका नाकाला रुमाल बांधून चिखलात पालथे पडतात, लेन्स चार बोटं डावीकडे, दोन बोटं वर करतात आणि खाडखाड सुरू. फोटोत मागे निळंशार पाणी, त्यावर कोवळं ऊन. तो पाहून काकांच्या बहिणीनं विचारलं, “मानस सरोवराला कधी जाऊन आलास?” काकांनी नुसतं स्मित केलं.

सलीम अलींनी लहानपणी छऱ्याच्या बंदुकीनं पिवळ्या कंठाची एक चिमणी पाडली आणि तिची ओळख पटवायला १९०८ साली ते बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेले. एका चिमणीवर माणसाचा जन्म गेला! काका सेकंदाला वीस फोटो पाडतात. संध्याकाळी त्यांतले अठराशे उडवायचे आणि उरलेल्यांत कुठल्या टिबुकलीच्या डोळ्यात चमक आलीय ते भिंगातून शोधायचं. चहा गार होतो. टिबुकली मात्र तेवढ्या वेळात वीसदा बुडी मारून पोटभर जेवलेली असणार.

तत्त्वाला काका पक्के. घरट्याचा ठावठिकाणा कुणाला सांगू नये, हे योग्यच आहे. पण ते सिंहगडाच्या वाटेवर कुठे चहा प्यायले तेही सांगत नाहीत. मोबाइलवर पक्ष्याची शीळ वाजवून त्याला बोलावणाऱ्यांवर तर त्यांचा भयंकर राग. जूनमध्ये झाडीत नवरंग दडी मारून बसला, तेव्हा काकांच्याच खिशातून नवरंगाची शीळ ऐकू आली. “रिंगटोन आहे,” काका म्हणाले. दर अर्ध्या मिनिटाला त्यांना कुणाचा तरी फोन येत होता.

गेल्या महिन्यात सोसायटीची सभा झाली. पार्किंग, पाण्याचा टँकर वगैरे भांडणं उरकल्यावर काका उठले. “पक्षी” म्हणताच सेक्रेटरींनी घड्याळाकडे पाहिलं. पण काका दोन मिनिटांत बसले. विषय एवढाच होता, की डक्टमधली कबुतरं त्यांच्या लेन्सच्या खोलीत शिरतात, तेव्हा चारही बाजूंनी जाळी मारा. ठराव एकमतानं मंजूर झाला.