चारच्या बॅचचा तास

बुधवारी दुपारी एका संगणक प्रशिक्षण केंद्रात बसलो होतो. चारची बॅच. एक मुलगी पाऊण तास एसटीत उभी राहून आलेली. तिने मशिन सुरू केलं, पडद्यावर गोल फिरायला लागला, खाली आकडा आला 27 टक्के. संगणक बंद करू नका, अशी सूचनाही आली. वही मांडीवर घेऊन ती एक्सेलची सूत्रं पाठ करत बसली. मशिन हाताशी आलं तेव्हा पाचला दहा मिनिटं उरली होती आणि पाचची बॅच दारात उभी होती. फी भरलेला तास गेला. कुणी चकार शब्द काढला नाही, तिनेही नाही.

बुधवारच का, तेही सांगतो. मायक्रोसॉफ्ट 2003 पासून सुरक्षेच्या दुरुस्त्या, म्हणजे अपडेट, महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी सोडते. अमेरिकेतली ती सकाळ म्हणजे आपली मंगळवारची रात्र. त्या वेळी आपल्या लॅबचा मेन स्विच खाली असतो. बुधवारी मशिनं सुरू झाली की दिवसभर दुरुस्त्या उतरत राहतात, तीनच्या बॅचचा मुलगा जाताना मशिन बंद करतो आणि बिल चारच्या मुलीच्या नावावर फाटतं.

यावर काही केंद्रचालक अपडेटच बंद करून टाकतात. हे तर त्याहून वाईट. 2017 मध्ये वॉनाक्राय हा खंडणीखोर व्हायरस जगभर पसरला तो 12 मे रोजी. ज्या फटीतून तो शिरला तिची दुरुस्ती 14 मार्चलाच आली होती. ब्रिटनमधल्या रुग्णालयांना शस्त्रक्रिया पुढे ढकलाव्या लागल्या. आपल्या लॅबमध्ये तर एका मशिनला दिवसभरात आठ-दहा जणांचे पेन ड्राइव्ह लागतात. घरच्या संगणकापेक्षा इथे जास्त काळजी हवी.

डीप फ्रीझ हे सॉफ्टवेअर घातलेल्या लॅबची गंमत नव्हे, दैना आहे. रीस्टार्ट केलं की मशिन जसं होतं तसं. मुलांनी केलेली उलथापालथ पुसली जाते, ते चांगलंच. पण दिवसभर उतरवलेलं अपडेटही पुसलं जातं. दुसऱ्या दिवशी ये रे माझ्या मागल्या, पुन्हा तेच उतरवा, तेच इंटरनेट तुंबवा. त्याच सॉफ्टवेअरमध्ये ठरल्या वेळी कुलूप काढून, अपडेट करून, पुन्हा कुलूप लावायची सोय आहे. वेळापत्रक एकदाच भरायचं असतं. तेवढं कुणी भरत नाही, कारण शिक्षक म्हणतात हार्डवेअरवाला बघेल आणि हार्डवेअरवाला फोन केल्याशिवाय येत नाही.

करायचं काय, तर आधी आठवड्यातली एक रात्र ठरवा. एका मशिनवर अपडेट घालून टॅली, टायपिंगचं सॉफ्टवेअर, प्रिंटर नीट चालतात का ते बघा, मग बाकीची सोडा. एकाने उतरवलेलं शेजारच्याने लॅनवरून घ्यावं, ही सोय विंडोजच्या सेटिंगमध्येच आहे. वीस मशिनांनी तेच वीसदा ओढायची गरज नाही. वर्गाच्या वेळा भरून ठेवल्या तर त्या वेळात विंडोज आपणहून रीस्टार्ट होत नाही. उबुंटू असेल तर ‘अनअटेंडेड अपग्रेड्स’ सुरक्षेचं काम न विचारता उरकतं, पण मशिन चालू असेल तरच.

सगळं अडतं ते तिथे. संध्याकाळी शिपाई मेन स्विच खाली ओढतो. त्याचं चुकत नाही, वीज वाचवायला त्याला सांगितलेलं असतं. तेव्हा केंद्रचालकांनो, त्या रात्रीपुरती एक चिठ्ठी स्वतःच्या हाताने लिहून स्विचवर चिकटवा: आज बंद करू नये. आणि त्या मुलीला तिचा तास शनिवारी भरून द्या.