शिक्का फार सुंदर उमटला, डॉक्टरसाहेब!

सिरसाळा, ता. परळी वैजनाथ, जि. बीड

परमपूज्य प्रमाणपत्रदाते डॉक्टरसाहेब,

साष्टांग दंडवत. ‘शारीरिक व मानसिकदृष्ट्या तंदुरुस्त’ हा तुमचा कागद आम्ही जपून ठेवलाय. तुम्ही सही ठोकलीत तेव्हा आमची आत्याबाई बाहेर रिक्षात बसली होती. नाडीला बोट न लावता तुम्ही तिचा मेंदू वाचलात! अशी दिव्यदृष्टी संजयाला होती म्हणतात. त्यानं शंभर रुपये घेतल्याचं मात्र ऐकिवात नाही.

कागद बघून वृद्धाश्रमाचं दार उघडलं. पाचव्या रात्री दोन वाजता आत्याबाई उठली आणि शेजारणींच्या चादरी ओढून मोळ्या बांधायला बसली. उभा जन्म ऊसतोडीच्या कोयत्यावर गेला तिचा. ती खोली तिला फडावरची कोपी वाटली. “उठा गं, गाडी भरायचीय,” म्हणून सगळ्यांना हलवत होती. सकाळी फोन आला, “म्हातारी येडी आहे, घेऊन जा.”

तुमचाही इलाज नव्हता म्हणा. दिवाळी झाली का यायचीय, घरात कोण कोण आहे, तीन शब्द सांगून पाच मिनिटांनी परत विचारणं, यात दहा मिनिटं जातात. थायरॉईड बिघडलं, बी-12 घटलं तरी विसर पडतो आणि तो औषधानं सुधारू शकतो. मन खचलं तरी माणूस विसराळू दिसतो. ऐकू न येणारी बाई उत्तर देत नाही म्हणून येडी ठरते. हे सगळं बघत बसलात तर शिक्के कधी मारायचे?

अमेरिकेनं 1987 साली कायदाच केला: नर्सिंग होममध्ये घेण्याआधी मानसिक आजार आणि बौद्धिक अपंगत्व तपासा. माणसाला खरंच तिथं ठेवायची गरज आहे का आणि त्याला काय लागतं, हे कळावं म्हणून. आपल्याकडं तपासणी म्हणजे आधी आत ढकलायचा परवाना, मग बाहेर काढायचं निमित्त. आपल्या 2017च्या मानसिक आरोग्य कायद्यानं स्मृतीचा मोठा बिघाडही आजारात धरलाय. अंबाजोगाईचं सरकारी मेडिकल कॉलेज जवळ, लोखंडी सावरगावला तर म्हातारपणाच्या दुखण्यांसाठी आणि मानसिक आजारांसाठी केंद्रच बांधलंय. दोन ओळींची चिठ्ठी पुरली असती. पण चिठ्ठीचे पैसे मागता येत नाहीत, ही अडचण खरी.

आम्हीही धुतल्या तांदळाचे नाही. पोरांनी उचल घेतलेली, मुकादमाचा ट्रक दारात उभा. आम्हालाही आत्याबाईची तपासणी नको होती, कागद हवा होता. तुम्ही गिऱ्हाईक बरोबर ओळखलंत.

एक मात्र मानलं पाहिजे. कागदावर तारीख अचूक आहे, खाली वारसुद्धा लिहिलाय. तोच वार रिक्षापर्यंत दहा पावलं येऊन आत्याबाईला विचारला असतात, तर सही करताना तुमचा हात अडखळला असता.

आपला कृपाभिलाषी,
रिक्षाचं भाडं देणारा भाचा