बाहुलीला जपा!

बुऱ्हाणपुरात येणारा पाहुणा शाही किल्ला बघतो, मुमताजमहल इथं गेली म्हणून हळहळतो आणि मावा जिलेबी खाऊन निघतो. ती गेली कशानं, हे विचारायचं राहूनच जातं. १७ जून १६३१, चौदावं बाळंतपण. मुलगी वाचली, आई गेली. रक्तस्राव थांबलाच नाही, असं मानतात. हकीम, दासी, खजिना, सगळं दाराशी हजर होतं. नंतर ताजमहालालाही पैसा कमी पडला नाही.

आज हा रक्तस्राव टाळायला बाळ बाहेर आलं की मिनिटभरात दहा युनिट ऑक्सिटोसिन टोचायचं, एवढं साऱ्यांना पाठ आहे. पण पाठ असणं वेगळं आणि हात चालणं वेगळं. त्यासाठी मामानॅटली नावाची बाहुली असते. एक सिस्टर ती पोटाला बांधते, कण्हते, ओरडते. हळूच कळ फिरवली की लाल पाणी वाहू लागतं. दुसरीनं हाक मारून मदत बोलवायची, गर्भपिशवी चोळायची, वार पुरती पडली का बघायचं. चुकलं तर पुन्हा पहिल्यापासून. फ्रान्समध्ये मादाम द्यु कुद्रे १७५९ पासून कापडी बाहुली घेऊन गावोगाव सुइणी घडवत फिरली, तीही राजाच्या हुकमानं.

आपल्याकडे सुरक्षित बाळंतपणासाठी २०१५ ला ‘दक्षता’ ही सरकारी योजना आली, २०१७ ला ‘लक्ष्य’. बारशी करण्यात आपला हात कोण धरणार! शिबिर सकाळी अकराला, लख्ख उजेडात, चहा-बिस्किटांसह. मग फोटो, प्रमाणपत्र. बाहुलीची नोंद डेडस्टॉक रजिस्टरात, बाहुली कपाटात आणि चावीवाले साहेब रजेवर. वापरून फाटली तर वसुली कुणाकडून?

खरी बाई मात्र रात्री अडीचला येते. ड्यूटीवर एकटी सिस्टर, लाइट गेलेली, आणि ऑक्सिटोसिन तर फ्रिजमध्ये ठेवायची चीज. तेव्हा प्रमाणपत्र काय कामाचं?

२०१८-२० च्या सरकारी आकड्यांत लाख जिवंत जन्मांमागे महाराष्ट्रात ३३ माता दगावल्या, मध्य प्रदेशात १७३. तिकडचं बुऱ्हाणपूर आणि इकडचं रावेर यांच्या मध्ये नुसता नाका आहे, हिमालय नाही.

तेव्हा कपाट उघडा. सराव दर आठवड्याला घ्या, रात्रपाळीत घ्या, दिवे घालवून घ्या. बाहुली फाटली तर फाटू द्या. तिला निर्लेखित करायची सोय सरकारी नियमांत आहे. बाईला नाही.